सुरतेला उतरलेले तिघे

दरवर्षी ११ सप्टेंबरला आमच्या हायस्कुलात प्रार्थनेनंतर मी विनोबांवर दहा मिनिटे बोलतो. आधी शिक्षक म्हणून बोलत असे, आता मुख्याध्यापक म्हणून बोलतो. भाषण ठरलेले आहे. गागोदे गावचा जन्म, बडोद्याचे शिक्षण, आईची गीता, मग आमच्या धुळे जेलमधली गीता-प्रवचने आणि ती उतरवून घेणारे साने गुरुजी. या सगळ्यांत मुलांना भिडतो तो एकच प्रसंग. इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघालेला वीस वर्षांचा विनायक नरहर भावे सुरत स्टेशनावर उतरतो, परीक्षेकडे पाठ फिरवतो आणि काशीची गाडी धरतो. तारीख २५ मार्च १९१६. पोरे उन्हात उभी असतात, तरी या जागी त्यांची चुळबूळ थांबते. मीही आवाज जरा खाली आणतो. इतक्या वर्षांत कुठे थांबायचे ते जिभेला ठाऊक झाले आहे.

या भाषणाची परतफेड मला यंदाच्या मार्चमध्ये मिळाली.

माझी धाकटी बहीण सुरतेत लिंबायतला राहते. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या वस्त्यांत आपली खानदेशी माणसे इतकी की गल्लीत अहिराणी ऐकू येते, आणि महापालिका आजही तिथे मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. मेहुणे लूमच्या खात्यात कारागीर म्हणून लागले, आता त्याच खात्यात लूम-मास्तर आहेत. त्यांचा मुलगा आठवी ते दहावी माझ्याकडे राहून माझ्याच शाळेत शिकला. पुढे सुरतेत बारावी सायन्स करून बी.एस्सी.ला गेला. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला महिना राहिला असताना त्याने घरी सांगितले की परीक्षेला बसणार नाही. रात्री तो साड्यांची डिझाइने कॉम्प्युटरवर काढून देतो, त्याचे पैसे मिळतात, आणि रसायनशास्त्र त्याला नको आहे. बहिणीचा फोन आला, ‘भाऊ, तू यी जाय. तुनं ऐकई तो.’

मी सकाळच्या गाडीने निघालो. नवापूर स्टेशनाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. एका बाकड्याचेही दोन राज्यांत वाटप झालेले आहे. तिथे गाडी थांबली तेव्हा काय बोलायचे याची मी मनात उजळणी करत होतो. घरी पोचलो, चहा झाला, मी घसा साफ केला. भाचा म्हणाला, ‘मामा, विनोबा परीक्षेला जाता जाता इथंच उतरले ना? तुम्हीच सांगितलं होतं.’

मला उत्तर सुचले नाही. ‘विनोबांची गोष्ट वेगळी होती’ असे काहीतरी पुटपुटलो. कशी वेगळी, ते मला सांगता आले नाही. जी गोष्ट इतकी वर्षे सांगितली ती मी नीट वाचलीच नव्हती, हे त्या दिवशी कळले. परत आल्यावर विनोबांची जी चरित्रे आणि आठवणी हाताशी होत्या त्या काढल्या. सोबत आणखी दोन पुस्तके घेतली. एक खुद्द सुरतेचे, दुसरे आमच्या खानदेशातल्या लेखकाचे. हा लेख त्या वाचनाचा आहे.

विनोबांनी बैठक मारून आत्मचरित्र लिहिले नाही. कालिंदीताईंनी त्यांच्या निरनिराळ्या वेळच्या बोलण्यांतून ‘अहिंसा की तलाश’ हे पुस्तक जुळवले, ते मी हिंदीतूनच वाचले आहे. या निवेदनाचा एक गुण आणि एक धोका आहे. गुण असा की बोलणारा माणूस स्वतःकडे कौतुकाने पाहत नाही. धोका असा की ऐकणाऱ्यांना शेवट आधीच ठाऊक असतो. समोर भूदानवाले विनोबा बसलेले आहेत, मग वीस वर्षांच्या विनायकाने सुरतेला गाडी बदलली ती बरोबरच केली, असे प्रत्येकजण धरून चालतो. चरित्रकार तर त्याच्याही पुढे जातात. मी वाचलेल्या चरित्रांत हा प्रसंग पाच-दहा ओळींत आटोपतो आणि लगेच गंगेचा घाट येतो. एका मुलाने कॉलेज सोडावे की सोडू नये हा प्रश्न तिथे उरतच नाही, कारण त्याचे उत्तर पुस्तकाच्या मुखपृष्ठावर फोटोसकट छापलेले असते.

पण त्या पाच-दहा ओळींतच किती आहे, ते मला आता दिसले.

पहिली गोष्ट, विनायक एकटा उतरला नव्हता. त्याच्याबरोबर बेडेकर आणि तगारे हे दोन मित्र होते. माझ्या भाषणात हे दोघे कधीच नव्हते. एकट्याने उतरणे अधिक शोभते म्हणून मी त्यांना गाडीतच ठेवले होते. बेडेकर काशीतच आजारी पडून वारले. तगाऱ्यांबद्दल चरित्रे फारसे बोलत नाहीत. म्हणजे एकाच दिवशी, एकाच स्टेशनावर, एकाच ओढीने तिघांनी परीक्षा सोडली. त्यांतल्या एकाचे चरित्र झाले, एक दोन-अडीच महिन्यांत संपला आणि तिसरा कथेबाहेर गेला. भाच्याने विचारले तेव्हा मला हेच आठवायला हवे होते. ‘विनोबा उतरले’ हे वाक्य खरे आहे, पण ते एक तृतीयांश आहे.

दुसरी गोष्ट दाखल्यांची. निघण्यापूर्वी बडोद्याच्या घरी विनायकाने आपली शाळेची प्रमाणपत्रे आईच्या चुलीत घातली. हे मी मुलांना मोठ्या रंगात सांगतो. आईचे बोलणे मात्र घाईने उरकतो. रुक्मिणीबाईंनी विचारले, हे काय करतोस. गरज नाही म्हणाल्यावर त्या म्हणाल्या की आज नसेल, पण ठेवायला काय हरकत आहे, पुढेमागे कामास येतील. संतांच्या गोष्टीत अशी वाक्ये अडाणी ममतेची म्हणून सोडून दिली जातात. शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत मागायला प्रतिज्ञापत्र घेऊन आलेली माणसे ज्याच्या टेबलासमोर वर्षभर उभी राहतात, त्या माझ्यासारख्याला तरी त्या घरात त्या क्षणी सर्वांत शहाणे कोण होते याबद्दल शंका नाही. पुढे विनोबांना त्या कागदांची गरज पडली नाही, हे खरे. ती पडणार नाही हे रुक्मिणीबाईंना कसे कळावे? विनायकालाही कळले नव्हते. त्याने ते ठरवले होते.

आणि तिसरी गोष्ट पत्राची. सुरतेहून विनायकाने वडिलांना कळवले की परीक्षेला न जाता मी दुसरीकडे जात आहे, माझ्या हातून काही गैर होणार नाही अशी खात्री बाळगा. हे पत्र बडोद्यात पोचले तेव्हा नरहरपंतांनी काय केले असेल? ते वैज्ञानिक वृत्तीचे, रंगकामाच्या रसायनशास्त्रात रमणारे गृहस्थ. मुलाने परदेशी जाऊन मोठे व्हावे म्हणून त्यांनी त्याला फ्रेंच घ्यायला लावले होते. आईला वाटे संस्कृत घ्यावे. पत्र लिहिणाऱ्याचा सगळा पुढचा प्रवास आपल्याला ठाऊक आहे. पत्र उघडणाऱ्याची ती संध्याकाळ मी वाचलेल्या एकाही पुस्तकात नाही. पुढे बाळकोबा आणि शिवाजीराव हे धाकटे दोघेही थोरल्याच्या वाटेने गेले. या तिघांनीही संसार केला नाही. आम्हा खानदेशी वाचकांना नरहरपंत परके वाटू नयेत, कारण १९४७ साली त्यांनी देह ठेवला तो आमच्या धुळ्यात, शिवाजीरावांकडे, आणि त्यांच्या अस्थी नदीत न सोडता तिथल्याच मातीत ठेवल्या गेल्या. सुरतेहून निघालेली मुलाची गाडीही भुसावळकडे गेली, म्हणजे आमच्या नंदुरबार-अमळनेरावरूनच गेली असणार. गंमत म्हणून सांगतो, एरवी यात माझ्या मुद्द्याचे काही नाही.

माझा मुद्दा असा की विनोबांच्या आठवणीत मला सर्वांत खरा वाटतो तो भाग या गाडीबदलाचा नाहीच. काशीत अन्नछत्रात जेवावे, दोन पैसे दक्षिणा मिळावी, ग्रंथालयात वाचावे, हे अडीच महिने चालले. ७ जून १९१६ रोजी ते अहमदाबादेत कोचरब आश्रमात गांधीजींना भेटले. पण १९१७ साली त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी माझ्या भाषणात कधी आली नाही. त्यांनी आश्रमातून वर्षाची रजा घेतली आणि वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे संस्कृत शिकायला गेले. तिथून गांधीजींना जे लांब पत्र लिहिले, त्यात आपण काय वाचले, कोणाला काय शिकवले, किती चाललो, आहार काय ठेवला, याचा जवळजवळ जमाखर्च दिला आहे. आणि वर्ष भरले त्या दिवशी ते परत हजर झाले. सुरतेला एका ओळीत ‘दुसरीकडे जातो’ म्हणणारा मुलगा दोनेक वर्षांत तारीखवार हिशेब देणारा झाला. या दोन पत्रांमधले अंतर एखाद्या चरित्रकाराने मोजायला हवे होते. ते मोजले गेले नाही, कारण रजेत नाट्य नाही. रजा घेऊन वेळेवर परत येणाऱ्यावर कोण भाषण करतो?

आता दुसरे पुस्तक. ते सुरतेच्याच माणसाचे आहे. नर्मदाशंकर लालशंकर दवे, म्हणजे कवी नर्मद, यांचा जन्म सुरतेत १८३३ साली झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये ते १८५० मध्ये दाखल झाले. पुढे घरच्यांच्या आग्रहाने शिक्षण अर्धवट टाकून सुरतेला परतले आणि १८५२ मध्ये तापीपलीकडच्या रांदेर येथे पंधरा रुपयांवर मास्तर झाले. पत्नी वारली. १८५४ मध्ये पुन्हा मुंबई गाठून पुन्हा कॉलेजात बसले, आणि १८५६ मध्ये ते दुसऱ्यांदा सोडले. दरम्यान कविता सुरू झाली होती. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. तेव्हा नर्मदांनी सोडली ती पदवी त्या वेळी अस्तित्वातच नव्हती असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. २३ नोव्हेंबर १८५८ रोजी त्यांनी मास्तरकीही सोडली आणि लेखणीच्या ओटीत स्वतःला घातले.

‘मारी हकीकत’ हे त्यांचे आत्मकथन १८६६ सालचे आहे. ते आपल्या हयातीत लोकांपुढे येऊ नये अशी त्यांची इच्छा होती, आणि ते रीतसर प्रसिद्ध झाले १९३३ मध्ये, जन्मशताब्दीला. माझे गुजराती कामापुरते आहे, सुरतेच्या फेऱ्यांत कमावलेले. तरी वाचताना एक फरक जाणवतो. हे पुस्तक तेहतीस वर्षांच्या माणसाने लिहिले आहे आणि आपले पुढे काय होणार हे त्याला ठाऊक नाही. विनोबांच्या ऐकणाऱ्यांना जो शेवट ठाऊक होता, तो इथे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नाही. म्हणून कॉलेज धरणे, सोडणे, पुन्हा धरणे हे त्यात जसेच्या तसे उरले आहे; त्याला मागाहून तेजाचे वलय चढलेले नाही. शेवट त्या पुस्तकाच्या बाहेर घडला. नोकरी न करण्याचा तो निश्चय चोवीस वर्षे टिकला. कर्जाने वाकल्यावर १८८२ मध्ये नर्मदांना मुंबईत गोकुळदास तेजपाल धर्मादायाची नोकरी पत्करावी लागली. १८८६ मध्ये ते गेले. गुजराती माणूस हे विसरत नाही आणि त्यासाठी त्यांना कमीही लेखत नाही. १९६७ साली सुरतेत निघालेल्या दक्षिण गुजरात विद्यापीठाला २००४ मध्ये ‘वीर नर्मद’ हे नाव दिले गेले. माझ्या भाच्याच्या गुणपत्रिकेवर तेच नाव आहे. दोनदा कॉलेज सोडलेल्या माणसाच्या नावाची गुणपत्रिका घेऊन तो कॉलेज सोडायला निघाला होता. हे मी त्याला सांगितले तेव्हा तो हसला. मला ते हसणे त्या दिवसातले पहिले होते म्हणून लक्षात आहे.

तिसरे पुस्तक सांगायलाच नको. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये आली. खानदेशातला सांगवीचा पांडुरंग पुण्याला कॉलेजात जातो, होस्टेल, मेस, वादसभा, स्नेहसंमेलन यांत वर्षे आणि बापाचे पैसे घालवतो, परीक्षेत हरतो आणि गावी परत येतो. या कादंबरीवर इतके लिहिले गेले आहे, अस्तित्ववादापासून सॅलिंजरपर्यंत इतकी नावे तिच्या भोवती फिरली आहेत, की तिच्यातला साधा प्रश्न बाजूला पडला. पांडुरंगाने कॉलेज कधी सोडले? पुस्तकात अशी जागा दाखवता येत नाही. त्याला सुरत स्टेशन नाही. तो उतरत नाही, घसरतो. एम.ए.च्या वर्गात असताना मला हे त्या कादंबरीचे ढिलेपण वाटे. आज वाटते की आपल्याकडच्या शंभरांतल्या नव्वद मुलांचे सोडणे असेच असते, आणि ते असे लिहिण्याचे धैर्य नेमाड्यांनी दाखवले. पुढे पांडुरंगाला काशी मिळत नाही, आश्रम मिळत नाही. गाव मिळते, आणि गावातले रिकामे लोक.

‘कोसला’ला मी आणखी एका कारणासाठी मानतो. तिच्यात बाप आहे. नुसता रागावणारा बाप नाही. पैसे पाठवणारा, हिशेब विचारणारा, स्वतःची ओढाताण होत असताना मुलाची रक्कम कमी करावी लागणारा. आणि मनी आहे, देवीने गेलेली धाकटी बहीण. पांडुरंग पुण्यात आपल्या पराभवांत गुंतलेला असताना घरी हे घडते. मुलगा कॉलेज सोडतो तेव्हा घर जागच्या जागी थांबलेले नसते, ही गोष्ट विनोबांच्या चरित्रकारांना सुचली नाही. ती या कादंबरीने सांगितली. माझी एकच तक्रार आहे. बापाचे आपण पांडुरंगाच्या तोंडून ऐकतो. त्याला स्वतःला बोलू दिले असते तर? पण मग ती कादंबरी दुसरी झाली असती, आणि ती अजून कोणी लिहिलेली नाही.

गांधीजींचा उल्लेख जाता जाता करतो. भावनगरच्या सामळदास कॉलेजात १८८८ साली ते एकच सत्र टिकले. आत्मकथेत त्यांनी सरळ लिहिले आहे की वर्गात काही उमजत नव्हते, आणि दोष प्राध्यापकांचा नव्हता. कॉलेज सोडण्याचे इतके विनाअलंकार वर्णन मराठीत मला आढळले नाही. आपल्याकडे सोडणारा एकतर तेजस्वी असतो, नाहीतर बंडखोर. ‘मला जमले नाही’ असे म्हणणारा नायक आपल्या शालेय भाषणांत बसत नाही. माझ्या भाषणात तर नव्हताच.

एप्रिलमध्ये पुन्हा लिंबायतला गेलो. या खेपेला समजावायला म्हणून गेलो नाही. भाच्याला बेडेकर आणि तगाऱ्यांविषयी सांगितले, रुक्मिणीबाईंचे बोलणे सांगितले, वाईची रजा सांगितली. तो म्हणाला, कॉलेजातही आता रजेसारखे काही आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने एक वर्ष पुरे केल्यास प्रमाणपत्र, दोन केल्यास पदविका आणि मिळवलेले श्रेयांक जमा ठेवून पुढे परतण्याची वाट ठेवली आहे. मी म्हटले, मग दुसरे वर्ष पुरे कर, पदविकेला आणखी काय लागते ते विचारून घे आणि मग थांब. तो म्हणाला, ऑफिसात विचारले होते. खिडकीतल्या माणसाने आधी फी भरायला सांगितले आणि मूळ दाखले लगेच मिळणार नाहीत म्हणाला. मूळ दाखले अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच बजावलेले आहे. ते परिपत्रक मी छापून सोबत नेले होते. शंभर वर्षांपूर्वी दाखले चुलीत गेले, आता ते कपाटात अडकतात. मुख्याध्यापक म्हणून मला दोन्हींचा त्रास होतो.

मी त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली. बाबांना पत्र लिही. तो म्हणाला, आम्ही दोन खोल्यांत राहतो, पत्र कशाला? मी म्हटले, विनोबांनी लिहिले होते. तुला त्यांच्यासारखे उतरायचे आहे ना, मग तेही कर. पण ‘दुसरीकडे जातो’ एवढेच लिहू नकोस. वाईहून लिहिले तसे लिही.

त्याने मराठीत लिहिले. हस्ताक्षर अजून दहावीतलेच आहे, वेलांट्या पडलेल्या. मेहुणे रात्रपाळीवरून सकाळी आले, हातपाय धुतले, चष्मा सापडेना म्हणून कागद माझ्याकडे दिला. मी मोठ्याने वाचला. डिझाइनचे महिन्याला नऊ ते अकरा हजार मिळतात, त्यांतले सहा घरी देईन. कॉम्प्युटरसाठी मित्राकडून घेतलेले अठरा हजार अजून द्यायचे आहेत, हे तुम्हाला सांगितले नव्हते. रसायनशास्त्राचे दोन पेपर मागच्या सत्रात राहिले आहेत, हेही सांगितले नव्हते. दुसऱ्या वर्षाची परीक्षा देईन. मग एक वर्ष थांबेन. पुढच्या जूनमध्ये परत जायचे की नाही ते तुम्हाला असेच लिहून सांगेन.

मेहुणे बराच वेळ बोलले नाहीत. शेजारच्या खात्यातल्या लूमचा खडखडाट भिंतीतून येत होता. मग त्यांनी कागद मागून घेतला, घडी केली आणि लाइटबिले ठेवतात त्या डब्यात टाकला. ‘अठरा हजार कोणाचे?’ एवढेच विचारले.

परीक्षा झाली. एक पेपर पुन्हा राहिला आहे. यंदा ११ सप्टेंबरला मी प्रार्थनेनंतर बोललो तेव्हा सुरत स्टेशनावर तिघांना उतरवले. भाषण चौदा मिनिटे चालले, आणि मागच्या रांगेतली पोरे या खेपेला चुळबूळ करत होती.